ओल्या लंगोटांचा हिशेब

माझ्या भाचीच्या उशाशी एक दोनशे पानी वही होती. बाळ एकवीस दिवसांचं, आणि वहीची चाळीस पानं भरलेली. मी उघडलं ते पान आदल्या पहाटेचं होतं. ‘३.१० – डावीकडे, १२ मिनिटं. ४.२५ – उजवीकडे, ९ मिनिटं. लगेच रडली. ५.०० – पंपाने काढलं, दोन्हीकडचं मिळून ४० मिली.’ त्या चाळीसच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या, कागद फाटेल इतक्या जोराने.

“मावशी, शेजारच्या बिल्डिंगमधलं बाळ हिच्याच वयाचं आहे. ते एका वेळी नव्वद मिली पितं. माझं निघतंच चाळीस. हिचं पोट भरत नाही गं, म्हणून ही सारखी रडते.” माझी बहीण, म्हणजे तिची आई, दाराशी चपला घालून उभी होती. हातात पिशवी आणि पावडरच्या डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी. औषधाच्या दुकानात निघालीच होती ती.

मी बाळाला मांडीवर घेतलं आणि लंगोट चाचपला. ओला होता. “सकाळपासूनचा कितवा?” मी विचारलं. भाचीला सांगता येईना. वहीत तो रकानाच नव्हता.

तान्ह्या बाळाच्या दुधाची काळजी करणाऱ्या बहुतेक घरांत असंच होतं. आत किती गेलं हे मोजायचा आटापिटा चालतो, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत तेच सगळ्यात अवघड असतं. जे सहज मोजता येतं, म्हणजे बाहेर किती आलं आणि अंगी किती लागलं, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य मग घरात येतं, आणि एकदा आलं की आईच्या मनातून लवकर जात नाही. अंगावरचं दूध लवकर सोडवण्यामागे जगभरातल्या आया जी कारणं सांगतात, त्यांत हे कारण कायम वरच्या क्रमांकावर असतं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

चिकाचे दिवस

गाय व्यायली की पहिल्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो. बाईच्या चिकाला मात्र कितीतरी घरांत ‘ते जड असतं, पिळून टाक’ असं म्हटलं जाई. पिवळसर, दाट, थेंबाथेंबाने उतरणारं हे पहिलं दूध बाळाची पहिली लस समजावं इतकं मोलाचं, कारण त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. ते कमी येतं हेच बरोबर आहे. पहिल्या चोवीस तासांत निरोगी बाळ एका वेळी जेमतेम २ ते १० मिली पितं. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिली. चहाच्या चमच्यात ५ मिली मावतं, हे लक्षात घेतलं तर पहिल्या दिवशीचं जेवण म्हणजे एक-दोन चमचे. बाळंतीण म्हणते, ‘मला दूधच आलं नाही’, तेव्हा बहुतेक वेळा तिला चीक येत असतो आणि बाळाला त्या दिवशी तेवढाच पुरत असतो.

भरून येणारं दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरतं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी थोडा उशीर लागू शकतो. या दिवसांत बाळाचं वजन घटतं. जन्माच्या वेळी अंगात असलेलं जादा पाणी निघून जातं, काळी शी पडून जाते. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. दहा टक्क्यांकडे गेली की डॉक्टरांनी पाजणं नीट तपासायलाच हवं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून काटा वर चढू लागतो आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं. बाळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ‘दवाखान्यात पाहिलं तेव्हा भरलेलं वाटत होतं, आता सुकलं’ असं कुणीतरी बोलून जातं, आणि बाळंतिणीच्या काळजीला तिथून सुरुवात होते.

देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचं प्रमाण ४१.८ टक्के निघालं, तर सहा महिन्यांखालच्या निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचं ६३.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांची सुरुवातच उशिरा होते, आणि दर तीन बाळांमागे साधारण एकाच्या पोटात सहा महिन्यांच्या आत दुसरं काही जातं.

विहीर आणि उपसा

स्तन म्हणजे दुधाची टाकी असावी आणि ती भरायची वाट पाहावी, असं आपण धरून चालतो. त्यापेक्षा गावाकडच्या विहिरीचा दाखला जास्त जुळतो. उपसा होत राहिला की झरे वाहते राहतात. उपसा थांबला की मंदावतात. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, आणि ऑक्सिटोसिन तयार दूध नलिकांतून बाहेर ढकलतं. ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो ते या ऑक्सिटोसिनचं काम. उलट, स्तनात दूध साचून राहिलं तर ‘आता पुरे’ असा निरोप तिथल्या पेशींनाच मिळतो आणि दूध बनण्याचा वेग उतरतो. एका बाजूचं सोडलं तर ती बाजू आटते आणि दुसरी भरलेली राहते, ते याचमुळे. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून पहिल्या महिन्यांतलं रात्रीचं पाजणं दूध टिकवायला फार उपयोगी पडतं.

ऑक्सिटोसिन हळवं आहे. बाळाचा वास, स्पर्श, रडण्याचा आवाज यांनी ते सुटतं. वेदना, धास्ती, टोमणे यांनी अडतं. काळजीत असलेल्या आईचा पान्हा थोडा वेळ लांबतो, म्हणून दूध आटलं असं होत नाही. पाच मिनिटं शांत बसवलं, पाठीवरून हात फिरवला, कोमट कापड लावलं की तो फुटतो.

आता पंपातले ४० मिली. पंप बाळासारखा ओढत नाही, आणि त्याच्याकडे पाहून पान्हाही सहसा फुटत नाही. शिवाय भाचीने दूध काढलं ते बाळाला दोन वेळा पाजून झाल्यावर, पाऊण तासाच्या आत. उपसलेल्या विहिरीत राहिलेलं पाणी तिने मोजलं होतं. पंपातला आकडा त्या वेळी यंत्राला किती मिळालं एवढंच सांगतो. बाळाला दिवसभरात किती मिळतं हे त्यावरून कळत नाही.

मग बाळ पितं तरी किती? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक ते सहा महिन्यांच्या ७१ निरोगी, निव्वळ अंगावरच्या बाळांचं चोवीस तास प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर वजन केलं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध निघालं. पण एखादं बाळ त्याहून कितीतरी कमी दुधावर समाधानी होतं, तर एखाद्याला त्याहून कितीतरी जास्त लागत होतं, आणि सगळी व्यवस्थित वाढत होती. कुणी दिवसात सहा वेळा प्यायलं, कुणी अठरा वेळा. एका वेळचं दूध सरासरी ७६ ग्रॅम, पण कधी नुसती चुळबुळ तर कधी २४० ग्रॅमपर्यंत. आईच्या स्तनात असलेल्या दुधापैकी सरासरी दोन-तृतीयांशच बाळं पीत होती. शेवटचा थेंब निघेपर्यंत कुणी ओढत बसत नव्हतं. भूक भागली की बाळ स्वतः सोडत होतं.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आयांना सांगायला हवी. पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत दिवसाचं एकूण दूध फारसं वाढत नाही. बाळ मोठं होतं तसा वाढीचा वेग कमी होतो आणि किलोमागे लागणारी ऊर्जा घटते, त्यामुळे साधारण तेवढ्याच दुधात भागतं. चौथ्या महिन्यात ‘आता मोठी झाली, एवढ्याशाने काय होणार’ हा सल्ला म्हणून चुकतो.

भूक आणि रडं

रडणं म्हणजे भूक असं समीकरण घरोघरी पक्कं आहे. खरं तर रडणं ही भुकेची उशिराची खूण. त्याआधी बाळ डोळे हलवतं, ओठ चाटतं, मान वळवून तोंडाने शोधतं, मुठी तोंडाशी नेतं. या वेळी पाजलं तर ते शांतपणे तोंड उघडतं. ताणून रडायला लागल्यावर तेच बाळ स्तन झिडकारतं, आणि मग ‘घेतच नाही, येत नसेल काही’ असं वाटू लागतं.

पोट भरलेलं बाळही रडतं. दुसऱ्या आठवड्यापासून बाळांचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. बरीच बाळं संध्याकाळी दोन-तीन तास आईला सोडतच नाहीत. थोडं पितात, सोडतात, परत मागतात. संध्याकाळी स्तन हलके लागतात, त्यामुळे आईला वाटतं की दूध संपलं. त्या वेळचं दूध थोडं कमी पण जास्त स्निग्ध असतं, आणि ते बाळ पुढच्या झोपेची तजवीज करत असतं. दोन-तीन आठवडे, सहा आठवडे आणि तीन महिन्यांच्या सुमाराला एक-दोन दिवस बाळं अशी अधाशासारखी मागतात, आणि उपसा वाढला की दोन दिवसांत दूधही वाढतं. आमची एकवीस दिवसांची पोर नेमकी या वळणावर होती.

स्तन मऊ झाले, दूध गळायचं थांबलं, बाळ पाच-सात मिनिटांत सोडतं, हात चोखतं, बाटली दिली तर तीही पितं, रात्री उठतं: या सगळ्यांवरून दूध कमी आहे असं निदान होतं, आणि यातलं एकही त्याची खूण नाही. पाच-सहा आठवड्यांनी स्तन मऊ होतात, कारण तोवर मागणी आणि पुरवठा जुळलेले असतात. बाटलीतून तोंडात आपोआप दूध येतं, त्यामुळे पोट भरलेलं बाळही ते गिळत राहतं.

दोन नोंदी

मग पाहायचं काय? पहिली नोंद लंगोटाची. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा भरपूर, पाण्यासारख्या फिक्या रंगाची शू व्हायला हवी. डायपर घातला असेल तर ओल कळत नाही. कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून पाहा, म्हणजे ओल्याचं वजन हाताला समजतं. शी पहिले एक-दोन दिवस डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली पिवळी, सैल. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा किंवा प्रत्येक पाजण्यानंतरही होते. पुढे दीड महिन्यानंतर अंगावरच्या बाळाला दोन-चार दिवस शी झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ असली, तर घाबरायचं कारण नाही. ही मोजणी एका अटीवर खरी ठरते: बाळाला पाणी, ग्राइप वॉटर, गुटी असं काही दिलेलं नसावं. पाण्याने लंगोट ओला होतो, अंगी काही लागत नाही.

दुसरी नोंद वजनाची. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वाढतं. पुढच्या तीन महिन्यांत हा वेग दिवसाला १५ ते २० ग्रॅमवर येतो. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजन दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. वजन दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून करावं, आणि रोज करू नये. शू-शीने शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो. पहिल्या महिन्यात आठवड्याने आणि पुढे महिन्याने पुरतं.

वजनाच्या या साध्या कामाचं मोल महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरोघर जाऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलणं, पाजणं पाहणं, ऊब राखणं, जंतुसंसर्ग वेळेवर ओळखून उपचार करणं अशी ही कामं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की त्यांच्याकडून वजन लिहून घ्या.

त्या वजनाचा आलेखही कुठला, हे महत्त्वाचं. पूर्वी वापरात असलेले तक्ते बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या अमेरिकी मुलांवरून काढलेले होते. अशी मुलं पहिल्या तीन-चार महिन्यांनंतर जास्त जड होतात, त्यामुळे अंगावरचं ठणठणीत बाळ त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखं दिसे आणि डॉक्टरही वरचं दूध सुचवत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या अंगावर वाढलेल्या मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दिल्लीची होती. त्यावरून २००६ मध्ये आलेले तक्ते आज आपल्या माता-बाल संरक्षण कार्डात छापलेले असतात. बाळसं डोळ्यांनी तोलू नका. कार्डातली रेघ आपल्या वळणाने वर जाते आहे का, ते पाहा.

भाचीची फाईल मी मागितली. जन्मवजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी घरी येताना २ किलो ७००. त्यानंतर काटाच नाही. त्याच सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ३ किलो २१०. अठरा दिवसांत ५१० ग्रॅम, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस. डॉक्टरांनी पाजताना पाहायला मागितलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. बाळाचं तोंड मोठं उघडलं आहे ना, खालचा ओठ बाहेर वळला आहे ना, हनुवटी स्तनाला टेकली आहे ना, आणि काळसर भाग ओठाच्या वर जास्त अन् खाली कमी दिसतो ना, या चार खुणा त्यांनी बोटाने दाखवल्या. भाचीचं बाळ नुसतं टोक धरत होतं. तिला दुखत होतं ते त्यामुळे, आणि बाळाला तासातासाला मागावं लागत होतं तेही त्यामुळेच. त्यांनी बाळाचं पोट आईच्या पोटाला लागेल असं वळवलं, मानेखाली तिचा हात दिला, आणि बाळाने आ केल्याबरोबर स्तनाशी आणलं. थोड्या वेळाने ओढण्याची लय संथ झाली आणि खोलीत गिळण्याचा बारीक आवाज ऐकू यायला लागला. एकवीस दिवसांत भाचीने तो पहिल्यांदा ऐकला.

चुकीचा उपाय

त्या सकाळी डबा आला असता तर काय झालं असतं? साठ मिली पावडरचं दूध पिऊन बाळ तीन तास झोपलं असतं, कारण ते पचायला जास्त वेळ घेतं. घराने सुटकेचा श्वास टाकला असता. त्या तीन तासांत स्तनांना उपसा मिळाला नसता. चार दिवसांनी दूध खरोखर कमी झालं असतं, मग आणखी एक बाटली, आणि महिन्याभरात ‘म्हटलं होतं ना, हिला दूध पुरतच नाही’ हे वाक्य खरं ठरलं असतं. पुष्कळ आयांचं दूध असंच गेलं आहे, आणि दोष त्यांच्या अंगाला लावला गेला आहे. या डब्यांची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण घरातलं वाक्य कायद्याने थांबत नाही.

पाणी घातलेलं गाईचं दूध तर वर्षाच्या आत टाळायलाच हवं. त्यात प्रथिनं आणि क्षार आईच्या दुधाच्या कितीतरी पट. पाणी घातलं की ऊर्जा घटते, आणि लोह मुळातच नगण्य. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग उगाळून गुटी देण्यामागे आजीची माया असते हे मी जाणते, पण सहाणेवरचे जंतू आणि उगाळण्याचं अनिश्चित प्रमाण तान्ह्याला झेपत नाही. मधामुळे एका घातक जंतूची विषबाधा होऊ शकते. तो वर्षापर्यंत नको. सहा महिने पाणीसुद्धा नको, भर मे महिन्यात विदर्भातही नको. आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा घ्यावं आणि आईने तांब्या जवळ ठेवावा.

आईचं खाणं कसं असावं? आपल्याकडच्या आहारशास्त्रज्ञांच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. अळिवाचे, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांनी आईला बळ मिळतं, आणि कुणीतरी आपल्यासाठी राबलं हे समाधानही. पण दूध वाढवण्याचं पहिलं साधन बाळाचं नीट ओढणं हेच. लाडू खाऊ घालून बाळ पाळण्यात ठेवलं तर लाडवाचा काय उपयोग?

काळजी खरी असते तेव्हा

यावरून ‘प्रत्येकीला पुरेसं येतंच’ असं मी म्हणणार नाही. ते म्हणणंही आयांवर अन्याय करतं. काही जणींना खरंच कमी येतं. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला, वारेचा तुकडा आत राहिलेला, थायरॉइड कमी, संप्रेरकांचे विकार, स्तनावर शस्त्रक्रिया झालेली, किंवा दूधग्रंथींची वाढच अपुरी. कधी आईला भरपूर येतं, पण बाळ ओढू शकत नाही: अपुऱ्या दिवसांचं, अडीच किलोच्या आतलं, कावीळ झालेलं, टाळू दुभंगलेली किंवा जीभ खाली बांधलेली. अशी झोपाळू बाळं भूक लागली तरी रडत नाहीत. ‘गुणी आहे, रात्रभर उठत नाही’ हे पहिल्या पंधरवड्यात कौतुकाचं नसून सावध होण्याचं कारण आहे. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं.

म्हणून या खुणा पाठ असू द्या. पाचव्या दिवसानंतर शू सहा वेळांपेक्षा कमी, किंवा गडद पिवळी, चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग किंवा काळीच शी, वजन दहा टक्क्यांनी घटलेलं, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्मवजनावर न आलेलं, उठवूनही न उठणारं, ओढता ओढता दमून घाम फुटणारं बाळ, कोरडं तोंड, खोल गेलेली टाळू, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, ताप किंवा अंग गार पडणं, हिरवी उलटी. यातली एकही दिसली तर आजच डॉक्टरांकडे जा, उद्याची वाट पाहू नका. दुधाअभावी पाणी कमी पडलेल्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.

अशा वेळी वरचं दूध हे औषध असतं, आणि ते देणारी आई कुठेही हरलेली नसते. पहिली पसंती तिच्याच काढलेल्या दुधाला, मग दूधपेढीतल्या दुधाला, मग पावडरच्या दुधाला. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अपुऱ्या दिवसांची अनेक बाळं तिथे दुसऱ्या आयांच्या दुधावर तरली आहेत. वरचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावं, आणि प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्यावं, म्हणजे उपसा चालू राहतो.

पावडरच द्यायची असेल तर इथे मात्र मिलीचा हिशेब उपयोगी पडतो. पहिल्या काही दिवसांनंतर दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिली. चार किलोच्या बाळाला ६०० मिली. आठ वेळा विभागलं तर एका वेळी ७५. हा अंदाज आहे, बाळाला तो पाळायचं बंधन नाही. कधी ५० वर तोंड फिरवेल, कधी ९० मागेल. उरलेलं संपवायला लावू नका, ते फेकून द्या. डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळा: उकळलेलं पाणी आधी मोजून, मग त्याच डब्यातला सपाट चमचा. डबा पुरवण्यासाठी पातळ केलेलं दूध बाळाला उपाशी ठेवतं, आणि दाट केलेलं त्याच्या मूत्रपिंडांना जड जातं.

सहा महिने झाले की उष्टावण होतं, वाटीत मऊ भात-वरण येतं, आणि दूध हळूहळू मागच्या जागी जातं. वर्षानंतर तर उलटी चूक घडते. जेवत नाही म्हणून दिवसभर बाटल्या, आणि लिटरभर दुधावर वाढलेलं, गुबगुबीत पण लोहाअभावी पांढरं पडलेलं मूल. वर्षापुढे दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं.

डॉक्टरांकडून आल्यावर भाचीने वहीचं नवं पान काढलं आणि उभी रेघ मारून दोन रकाने केले. एक लंगोटांच्या फुल्यांचा, एक आठवड्याच्या वजनाचा. मिनिटं आणि मिली गेले. बहिणीने पिशवी खुंटीला परत अडकवली, आणि दुपारी बाळाचं शेवटचं धुणं गच्चीवर वाळत घालून आली. खाली येताना ती जिन्यातूनच मोठ्याने म्हणाली, “कालपासूनचे नऊ झाले गं, लिहून ठेव.” भाचीने वही उघडली नाही. बाळ छातीशी होतं, आणि तिला गिळण्याचा आवाज ऐकायचा होता.

बाळ बघायला जाल तेव्हा ‘दूध पुरतंय ना?’ एवढं विचारू नका. बाळंतिणीला त्याचं उत्तर ठाऊक नसतं, आणि न येणारं उत्तर तिला रात्रभर जागवतं. त्यापेक्षा आज लंगोट किती ओले झाले ते विचारा, गेल्या आठवड्याचं वजन विचारा, आणि ती जेवेपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढा.